फिरत्या घोड्याचे कार्ड

साहित्याच्या अभ्यासकाने काय वाचावे याबद्दल आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही, कारण ते सर्वांना ठाऊकच आहे असे गृहीत धरलेले असते. कविता, कथा, कादंबरी, नाटक, त्यानंतर चरित्र-आत्मचरित्र, आणि फारच धाडस केले तर बखर किंवा पत्रव्यवहार. जाहिरात अलीकडे अभ्यासाच्या कक्षेत आली, तीही साबण, चहा आणि चित्रपट यांच्यापुरती. जनावरांच्या जाहिराती कोणी वाचत नाही. आम्ही गेली काही वर्षे त्या वाचतो आहोत. नेमके सांगायचे तर, एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात इंग्लंड-स्कॉटलंडच्या शेतीप्रधान परगण्यांत पैदाशीच्या घोड्यांची जी छापील कार्डे वाटली जात, ती. ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयांनी ती जपली आहेत, आणि एकदा नाद लागला की सुटत नाही. या नादाचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. ही कार्डे वाचता वाचता आमच्याच विषयातल्या एका लाडक्या शब्दाकडे आम्ही संशयाने पाहू लागलो, ते सांगायचे आहे. तो शब्द 'जनक'.

आधी व्यवस्था सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या परिचयाची नाही. शर्यतीच्या घोड्यांच्या जगात घोडी घोड्याकडे जाते. नांगराच्या घोड्यांच्या जगात नेमके उलटे होते. सफोकमधल्या किंवा एअरशरमधल्या मध्यम शेतकऱ्याच्या दारात दोन-चार घोड्या असत आणि त्याच नांगर ओढत, त्याच गाडी ओढत. पेरणीच्या दिवसांत घोडी दहा-बारा मैल दूर पाठवणे म्हणजे नांगर उभा ठेवणे. आणि अंडील घोडा स्वतः पोसायचा तर तो वर्षातले नऊ महिने बसून खाणार, शिवाय सांभाळायला कठीण. तेव्हा घोडाच घोडीकडे जाई. वसंत सुरू झाला की एक माणूस एका घोड्याला घेऊन निघे आणि उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत चालत राही. सोमवारी अमुक गाव, दुपारी तमुक खानावळीच्या अंगणात, रात्री अमक्याच्या तबेल्यात, मंगळवारी पुढे, बाजाराच्या दिवशी बाजाराच्या गावात, शनिवारी घरी. पुढच्या सोमवारी पुन्हा तीच वाट. घोडीचा माज साधारण एकवीस दिवसांनी फिरून येतो, म्हणून तिसऱ्या आठवड्याची भेट महत्त्वाची. त्या दिवशी घोडीने घोड्याला लाथ दाखवली तर शेतकरी समाधानाने घरात जाई.

कार्ड या वाटेचे असे. खिशात मावेल एवढा जाड कागद, गावातल्याच छापखान्यात छापलेला. वर घोड्याचे चित्र. एकच ठसा वर्षानुवर्षे वापरलेला असे, म्हणून दोन वेगळ्या मालकांचे दोन वेगळे घोडे चित्रात अगदी जुळे भाऊ दिसतात. खाली ठळक अक्षरांत नाव आणि वंशनोंदवहीतला क्रमांक. मग वय, रंग, उंची, बाप, बापाचा बाप, त्याचाही बाप, जिंकलेली बक्षिसे, आठवड्याची वाट, फी, आणि अटी. अटींचा भाग आम्हांला सर्वांत वाचनीय वाटतो, कारण तेथे गद्य अचानक रोखठोक होते. घोडी दाखवली आणि पुढच्या फेऱ्यांना आणली नाही, तर ती गाभण धरून पैसे वसूल केले जातील. घोडी मध्येच विकली तरी फी द्यावीच लागेल. इजा झाल्यास मालकाची जबाबदारी नाही. मोतद्दाराची फी वेगळी, ती पहिल्याच वेळी हातावर. अटलांटिकपलीकडे अमेरिकेत तर एक अट अशी असे की शिंगरू जन्मून, उभे राहून, आईचे दूध ओढू लागेल तेव्हाच पैसे द्यायचे. करारनाम्यात एखादे सजीव चित्र शिरावे तसे हे वाक्य आहे, आणि ते लिहिणाऱ्याच्या मनात चित्र काढण्याचा विचारही नव्हता.

मुख्य क्रियेबद्दल मात्र ही कार्डे फार सोवळी आहेत. इंग्रजी कार्डाला दोनच क्रियापदे ठाऊक: एकाचा अर्थ 'सेवा देणे', दुसऱ्याचा 'झाकणे'. प्रत्यक्ष अंगणातही तोच प्रकार. घोडा आला की बायकामुलांना आत धाडले जाई आणि मुले अर्थातच माडीच्या खिडकीला नाक लावून बसत. आपल्या भाषेची सोय येथे वेगळी आहे. गाय फळते आणि आंबाही फळतो. एकाच क्रियापदाने दोन्ही भागते, आणि ते उच्चारताना घरातल्या वृद्ध स्त्रीलाही अडखळावे लागत नाही. आमच्याकडे वळूचे कार्ड कधी निघाले नाही याचे कारण मात्र भाषेत नव्हे, मालकीत आहे. पितरांच्या नावाने किंवा देवाला म्हणून सोडलेला पोळ कोणाचाच नसतो. त्याची फी नाही, त्याचा मार्ग तोच ठरवतो, आणि उभ्या पिकात शिरला तरी त्याला हाकलायचे हात जोडून. २००८ साली आलेला उमेश कुलकर्णी यांचा 'वळू' हा चित्रपट पाहिलेल्या वाचकांना या पेचाची कल्पना आहेच. ज्याला मालक नाही त्याची जाहिरात कोण करणार?

कार्डातल्या स्तुतीकडे वळू. 'भरपूर हाड', 'उत्तम पाय', 'खुरे दगडासारखी', 'स्वभावाने शांत', 'खात्रीने शिंगरे देणारा'. विशेषणे मोजकी आहेत आणि तीच ती आहेत. आमच्या एका सहकारी मित्रांनी हे वाचून 'यात साहित्य कुठे आहे?' असे विचारले होते. आमचे उत्तर असे की येथे प्रत्येक विशेषण तपासले जाणार आहे. सफोकची जमीन चिकण मातीची. शायर किंवा क्लाइड्सडेल जातीच्या घोड्यांच्या घोट्यांवर जे लांब केसांचे झुपके असतात, त्यांत ती माती गोळ्यांनी अडकून बसते. म्हणून सफोक घोड्याचे पाय केसांवाचून स्वच्छ असणे ही तेथे गरज होती. 'स्वच्छ पाय' असे कार्डावर छापले, तर वाचणारा वाकून पाय पाहणारच, कारण घोडा त्याच्यासमोर उभा आहे. 'खात्रीने शिंगरे देणारा' या शब्दांचा हिशेब अकरा महिन्यांनी लागणार, आणि चुकला तर पुढच्या वसंतात त्या वाटेवरची दारे उघडणार नाहीत. विशेषणाला परिणाम असलेला असा मजकूर आपल्या समीक्षेत किती सापडतो? नव्या कवितासंग्रहाच्या मलपृष्ठावर आम्ही 'अनन्यसाधारण' हा शब्द इतक्या वेळा वाचला आहे की आता तो प्रकाशकाच्या पत्त्याचा भाग वाटतो. अकरा महिन्यांनी कोणी विचारायला येत नाही.

पुढे १९१८ साली ब्रिटिश संसदेने अश्वपैदास कायदा केला आणि फिरत्या घोड्याला सरकारी परवाना आवश्यक ठरला. पशुवैद्य तपासणी करीत: मोतीबिंदू आहे का, धावताना श्वासात घरघर येते का, पायाच्या हाडांवर गाठी वाढल्या आहेत का. महायुद्धाने घोड्यांचा प्रचंड संहार केला होता आणि उरलेली पैदास निकोप असावी ही चिंता खरी होती. पण आमच्या दृष्टीने येथे एक वाचक बदलला. आजवर कार्डाचा परीक्षक शेतकरी होता, आता शेजारी शिक्का आला. शिक्का आला की विशेषणे ढिली होतात, हे विद्यापीठांत वावरणाऱ्यांना समजावून सांगायला नको.

आता त्या चालणाऱ्या माणसाकडे. आमच्या पाहण्यातल्या कार्डांवर घोड्याचे नाव आहे, मालकाचे आहे, छापखान्याचेही बहुधा तळाशी बारीक अक्षरांत आहे. हंगामभर रोज मैलोगणती चालणाऱ्या माणसाचे बहुतेक ठिकाणी नाही. तो 'मोतद्दाराची फी' या शब्दांत आहे तेवढाच. जवळपास टनभर वजनाचा, वाऱ्यावर घोडीचा वास आला की बेभान होणारा प्राणी एका लगामावर सांभाळणे. रोज पहाटे त्याची आयाळ विणून फिती बांधणे. परक्या घरी जेवणे, परक्या तबेल्यात झोपणे. कोणती घोडी कोणत्या दिवशी काय करीत होती याची नोंद ठेवणे, हे त्याचे काम. त्याच्याबद्दल गावोगाव चावट कथा प्रचलित असत. जो वर्षभर एका ठिकाणी राबतो त्याला फिरत्या माणसाविषयी असूया वाटते, त्यातूनच त्या निघाल्या असाव्यात. या माणसांचे शब्द कागदावर आणणारा लेखक विसाव्या शतकाच्या मध्यावर भेटला. जॉर्ज इवर्ट इव्हान्स हे मूळ वेल्सचे, १९४८ साली सफोकमधल्या ब्लॅक्सहॉल या गावी राहायला आले आणि म्हाताऱ्या शेजाऱ्यांना बोलते करू लागले. नांगराच्या घोड्यांवरचे त्यांचे 'द हॉर्स इन द फरो' हे पुस्तक १९६० साली प्रसिद्ध झाले. मौखिक इतिहास हा शब्द आपल्याकडे रुजण्याच्या कितीतरी आधी. जाता जाता, जुन्या मराठीत मोतद्दाराला 'खासदार' असेही म्हणत. तो शब्द पुढे कोठे जाऊन बसला ते आपण पाहतोच आहोत.

आम्ही पदव्युत्तर वर्गात गद्यप्रकार शिकवताना अशा एका कार्डाचे मराठी भाषांतर करून मुलांपुढे ठेवले होते. कविता नाही म्हणून निम्मा वर्ग निश्चिंत, निम्मा नाराज. शेतकरी कुटुंबातून आलेल्या एका विद्यार्थिनीने मात्र ते दोनदा वाचले आणि विचारले, "सर, याच्या आईचं नाव कुठे आहे?"

तिचा प्रश्न अचूक होता. कार्डात आई आहे, पण ती 'अमुक घोड्याची मुलगी' अशी आहे. तिची आई पुन्हा 'तमुक घोड्याची मुलगी'. पाच पिढ्या मागे गेलो तरी स्त्रीचे नाव लागत नाही, केवळ तिच्या बापाचे लागते. यामागे निव्वळ पुरुषी अहंकार आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही, हिशेबही आहे. एक घोडा एका हंगामात कित्येक डझन शिंगरांचा बाप होतो, घोडीला अकरा महिन्यांत एक. शिवाय कार्ड घोड्याच्या सेवेचे, घोडी गिऱ्हाइकाची. पण हा हिशेब सर्वत्र असाच मांडला गेलेला नाही. अरबस्तानातले बेदू आपल्या घोड्यांची कुळे आईवरून सांगत आणि घोडी सहसा विकत नसत. म्हणजे वंशावळ कोणत्या बाजूने लिहायची हे निसर्ग सांगत नाही, लिहिणारा ठरवतो.

स्कॉटलंडमधल्या एका प्रसिद्ध प्रकरणात घोडी अशीच निनावी वावरते. 'बॅरन ऑफ बकलायव्ही' हा क्लाइड्सडेल घोडा १९०० सालचा. त्याच्या बापाचे नाव 'बॅरन्स प्राइड'. नावातच वंश ऐकू यावा अशी तेथली रीत. दोन नामांकित मालकांची त्यात भागी होती. भागीवरून भांडण पेटले, ते थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले, आणि अखेर १९११ साली एअर येथे जाहीर लिलाव होऊन दोघांपैकी एकाने साडेनऊ हजार पौंडांना घोडा घेतला. नांगरजातीच्या घोड्याला एवढी किंमत कोणी ऐकली नव्हती. १९१४ साली एका घोडीने लाथ मारली, पाय मोडला, आणि घोड्याला मारावे लागले. त्याचा सांगाडा ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात आहे. मालकांची नावे, न्यायालयाचा निकाल, लिलावाची रक्कम सगळे नोंदलेले आहे. आम्ही वाचलेल्या हकिगतींत ती लाथ मारणारी मात्र 'एक घोडी' आहे.

आणि आता 'जनक'. सफोक जातीचे आज जिवंत असलेले सर्व घोडे नरवंशाने एकाच पूर्वजापर्यंत पोहोचतात: १७६८ साली जन्मलेला, थॉमस क्रिस्प नावाच्या गृहस्थाचा घोडा. त्याला नावही नाही. 'क्रिस्पचा घोडा' एवढीच त्याची ओळख. सफोक अश्वसंस्था १८७७ साली स्थापन झाली आणि १८८० साली हर्मन बिडेल यांनी सिद्ध केलेला वंशनोंदवहीचा पहिला खंड निघाला. बिडेल स्वतः शेतकरी. त्यांनी जुन्या जाहिराती, जुनी कार्डे आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी यांतून शंभर वर्षांचा धागा मागे ओढत नेला, आणि तो त्या निनावी घोड्यापाशी थांबला. (या परंपरेत घोड्याच्या तांबूस रंगाचे इंग्रजी नाव मधले एक 'टी' गाळून लिहितात आणि त्या रंगाच्या सात छटा मानतात. ज्या लोकांनी एका रंगाला सात डोळ्यांनी पाहिले, त्यांच्या शुद्धलेखनाला नावे ठेवण्याचे धैर्य आमच्यात नाही.)

क्रिस्पचा घोडा सफोक जातीचा पहिला घोडा नव्हता. त्या प्रदेशात तसले घोडे त्याच्या कितीतरी आधीपासून होते. त्याच्या काळात इतर घोडेही होते, त्यांनाही मुले झाली, काहींचे नाव त्याच्याहून मोठे असेल. पुढे त्यांचे नरवंश एकेक करून खुंटले, याचा राहिला. आणखी गंमत अशी की हा घोडा जेव्हा हयात होता तेव्हा त्याची जाहिरात बग्गीला आणि रस्त्यावरच्या कामाला चांगली संतती देणारा म्हणून झाली होती. इंग्लंडमधल्या सर्वांत अस्सल नांगरजातीचा मूळपुरुष नांगरासाठी शिफारस केलेलाच नव्हता. त्याचे 'जनकपण' त्याच्या अंगात नव्हते. ते शंभर वर्षांनंतरच्या नोंदवहीत तयार झाले, जे उरले त्यांच्यावरून मागे मोजत जाऊन.

आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत, मराठी लघुनिबंधाचे जनक फडके, ही वाक्ये आम्ही विद्यार्थी म्हणून पाठ केली आणि शिक्षक म्हणून फळ्यावर लिहिली. ती खोटी आहेत असे आम्हांला म्हणायचे नाही. क्रिस्पचा घोडाही खोटा नाही. पण वाङ्मयेतिहास ही वंशनोंदवही आहे आणि परीक्षण हे कार्ड आहे, हा भेद आमच्या वर्गांत हरवला आहे असे वाटते. १८८५ च्या सुमारास केशवसुत लिहू लागले तेव्हा त्यांच्या कवितेचा वाचक फाटकापाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या जागी होता. पुढे कोणाचा वंश चालेल हे त्याला ठाऊक नव्हते. समोरचे पाय पाहून त्याला ठरवायचे होते. आपण त्याच्यावर हसतो, की या शहाण्याला केशवसुत ओळखता आले नाहीत. आपल्याला नोंदवही पाठ आहे म्हणून हसू येते. आणि नोंदवही लिहिताना आई गळते ती गळतेच. 'मर्ढेकरांच्या वळणाचा कवी' असे आपण लिहितो, तेव्हा त्या कवीने घरातल्या जात्यावर, आजीच्या तोंडून, कीर्तनाच्या मांडवात काय ऐकले ते 'अमुक घोड्याची मुलगी' एवढ्या जागेत बसवून टाकतो. एक जनक अनेकांच्या नावापुढे लावता येतो आणि परीक्षेत गुण मिळतात. आजी प्रत्येकाची निराळी असते आणि तिच्यावर प्रश्न काढता येत नाही.

कल्पित साहित्यात अंडील घोडा नाही असे नाही. डी. एच. लॉरेन्सची 'सेंट मॉर' १९२५ ची. लीव्हिस यांनी तिची थोरवी सांगताना तिला एलियटच्या 'वेस्ट लँड'च्याही वर बसवले. इंग्रजीच्या वर्गात त्या घोड्याचे प्रतीक म्हणून केवढे विवेचन होते! तो घोडा पैदाशीसाठीच वाढवलेला असतो, पण इंग्लंडातल्या घोड्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. (टेक्सासला गेल्यावर एका लांब पायांच्या घोडीमागे निमूट फिरू लागतो, आणि लॉरेन्स त्याला तेथेच सोडून देतो. टीकाकारही बहुधा तेथेच सोडतात.) कादंबरी निघाली त्याच वर्षी सफोकच्या रस्त्यांवर परवानाधारक घोडे आयाळीत फिती माळून चालत होते. सेंट मॉरचे कार्ड कोणी छापले नसते. फाटकापाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला प्रतीकाचा उपयोग नव्हता.

ट्रॅक्टर आला आणि ही वाट बंद पडली. घोडीच नांगरातून गेली म्हटल्यावर घोड्याने कोणाकडे जायचे? १९६६ साली सफोक जातीच्या केवळ नऊ शिंगरांची नोंद झाली. तेथून जात सावरली, पण आजही ती दुर्मीळांत मोडते आणि तिचे हितचिंतक काळजीत असतात. दरम्यान गाईबैलांच्या बाबतीत वळूची जागा नळकांड्यातल्या गोठवलेल्या वीर्याने घेतली. आपल्याकडे उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली 'बाएफ' सुरू केली, आणि पुढे संकराचे काम करणारा माणूस दुचाकीवर द्रव नायट्रोजनचे भांडे बांधून गोठ्यागोठ्यांत पोहोचू लागला. फिरत्या घोड्याचा मोतद्दार आणि हा माणूस यांचा मार्ग जवळजवळ एकच आहे. घोडा तेवढा वजा झाला.

दुर्मीळ जातींचा हिशेब मात्र आता उलट्या बाजूने करतात. जात किती धोक्यात आहे हे ठरवताना पैदासक्षम माद्या किती आहेत ते प्रथम मोजतात, कारण घोडे थोडे असले तरी भागते. २०२० साली इंग्लंडमध्ये एका सफोक घोडीला लिंगनिवड केलेल्या वीर्याने शिंगरू झाले, आणि ती मादी निघाली म्हणून वर्तमानपत्रांत बातमी आली. आम्ही ते कात्रण त्या विद्यार्थिनीला पाठवले. ती आता एका महाविद्यालयात शिकवते. तिचे उत्तर दोन दिवसांनी आले: घोडीचं दूध नीट सुटलं का, ते बातमीत दिलेलं नाही.